गावासाठी माहितीचे जाळे : तारेचे व बिनतारी

पंढरपूर तालुक्यातील शेती आज केवळ पाऊस, कालवा व बाजार या तीन गोष्टींवर चालत नाही. उसाच्या नोंदी, बेदाण्याचे व डाळिंबाचे भाव, सातबाराचा उतारा, हवामानाचा इशारा या सर्व बाबी आता विजेच्या व प्रकाशाच्या खुणांच्या रूपाने गावात येतात व गावातून जातात. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत 2021 च्या खरीप हंगामापासून राज्यभर सुरू झाली. त्या नोंदीला मुदत असते. मुदतीच्या दिवसांतच जोड तुटली तर उभे पीक कागदावर येत नाही आणि पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघाल्यास शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते. म्हणून विहीर, पंप व रस्ता यांची जशी माहिती गावाला असते, तशीच या जाळ्याचीही असली पाहिजे. जाळे कसे चालते हे ज्याला कळते, त्याला ते बंद का पडले हेही कळते.

जाळे म्हणजे काय?

उजनीचे पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत, चारीतून पोटचारीत व शेवटी वाफ्यात जाते. माहितीच्या जाळ्याची रचनाही अशीच पायरीपायरीची आहे. एका घरातील, शाळेतील किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणक, मोबाइल व छपाईयंत्र यांना जोडणारे जाळे म्हणजे स्थानिक जाळे होय. त्याचा पसारा एका इमारतीपुरता किंवा एका आवारापुरता असतो. संपूर्ण शहराला व्यापणारे, म्हणजे तहसील कार्यालय, नगरपरिषद, रुग्णालय, बाजार समिती अशा ठिकाणांची स्थानिक जाळी एकमेकांस जोडणारे जे मोठे जाळे, ते शहरी जाळे होय. पंढरपुरासारख्या गावात त्याचा व्याप काही किलोमीटरांचा होईल. त्याच्याही पलीकडे जिल्हे, राज्ये व देश जोडणारी जाळी आहेत. या सर्वांच्या एकत्र गुंफणीला इंटरनेट म्हणतात.

कालव्याच्या उपमेत एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कालव्याचे पाणी एकाच दिशेने उतरते. माहिती दोन्ही दिशांनी वाहते आणि एकाच तारेतून अनेकांची माहिती मिसळून जाते. तरीही ज्याची त्याला पोहोचते. ही किमया कशी साधते हे समजून घेतले की बाकीचे सोपे आहे.

माहितीची पाकिटे

सातबाराचा उतारा जाळ्यातून जातो तेव्हा तो अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर कोणाकडून, कोणाकडे व कितवा, अशी नोंद असते. अशा तुकड्यास पाकीट म्हणावे. तारेच्या स्थानिक जाळ्यात एका पाकिटात साधारणपणे 1500 बाइटपर्यंत मजकूर मावतो. दीड लाख बाइटचा उतारा असेल तर त्याची सुमारे 100 पाकिटे होतात. ती पोहोचली की पलीकडचा संगणक क्रम लावून उतारा पुन्हा अखंड करतो. एखादे पाकीट हरवले तर तेवढेच पुन्हा मागवले जाते. मोहोळला एखादा निरोप तुकड्यातुकड्यांत दहा जणांच्या हाती पाठवावा आणि तेथे तो जुळवून वाचावा, तसाच हा प्रकार आहे.

वेग मोजण्याचे माप बिट आहे व फाइलचे माप बाइट आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे सेकंदाला 100 मेगाबिट वेगाची जोड म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हा हिशेब माहीत नसल्याने फसवणूक झाल्याचा समज पुष्कळदा होतो. आठाने भागून पाहिल्यास तो दूर होतो.

बोलण्याची शिस्त

एकाच तारेवर किंवा एकाच लहरीवर अनेक यंत्रे बोलू लागली तर गोंगाट होणार हे उघड आहे. ही अडचण सोडवण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते दोन्ही वारीच्या परिसरातील वाचकांच्या परिचयाचे आहेत.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो आणि हजारोंचे टाळ-मृदंग एकदम शांत होतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, तिचे म्हणणे ऐकून घेतो व मग सारे स्थिर होते. येथे कोणी केव्हा बोलावे हे एक अधिकारी ठरवतो. मोबाइलचा टॉवर आणि गावाला फायबर पुरवणारे मुख्य यंत्र असेच काम करतात. प्रत्येक ग्राहकाला बोलण्यासाठी सेकंदाचा एक बारीकसा भाग नेमून दिलेला असतो.

दुसरा मार्ग चावडीवरचा आहे. तेथे चोपदार नसतो. दुसरा बोलत असता आपण थांबतो, तो थांबला की बोलू लागतो, आणि दोघे एकदम बोलले तर दोघेही थांबून, थोडे आगेमागे करून पुन्हा सुरुवात करतात. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी 1971 मध्ये बेटाबेटांवरील संगणक बिनतारी लहरींनी जोडले, तेव्हा प्रत्येक यंत्र मनास येईल तेव्हा बोलत असे. पाकिटांची टक्कर झाली तर ते पुन्हा पाठवी. अशा मोकळ्या पद्धतीत लहरीच्या एकूण क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे 18 टक्केच उपयोगी पडते, असे गणिताने सिद्ध होते. त्यावरून धडा घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये अमेरिकेतील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने जी पद्धत बसवली, तिचा नियम ‘आधी ऐका, मग बोला’ असा होता. टक्कर झालीच तर प्रत्येक यंत्राने वेगवेगळा काळ थांबावे आणि वारंवार टक्कर झाल्यास थांबण्याची मर्यादा वाढवत न्यावी, असे ठरले. हीच ईथरनेट पद्धत. आज जगातील बहुतेक कार्यालयांतील तारेची जाळी तिच्याच वंशातील आहेत.

तांब्याची तार

कार्यालयातील निळी किंवा करडी केबल सोलून पाहिली तर आत आठ तारा दिसतात. त्यांच्या चार जोड्या केलेल्या असून प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. पीळ शोभेसाठी नाही. जोडीतील दोन्ही तारांवर बाहेरच्या विजेचा, पंखा-मोटारीचा उपद्रव सारखाच होतो व पलीकडचे यंत्र दोन तारांतील फरकच वाचत असल्याने तो उपद्रव वजा होतो. म्हणून केबलच्या टोकाला पीळ फार उकलू नये. जोडणाऱ्याने तो आळसाने उकलला तर वेग पडतो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

या केबलची मर्यादा 100 मीटर आहे. त्यापुढे खूण क्षीण होते. केबल जेथे एकत्र येतात त्या डबीस स्विच म्हणतात. स्विच प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून ते ज्याचे त्याच्याच तारेत सोडतो. तो आल्यापासून तारेच्या जाळ्यात टक्कर जवळजवळ उरलेली नाही, कारण प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र वाट मिळते. राऊटर हे निराळे यंत्र आहे. घरातील जाळे आणि बाहेरचे जाळे यांच्या वेशीवर ते उभे असते व कोणते पाकीट गावात ठेवायचे, कोणते गावाबाहेर पाठवायचे, हे ठरवते.

तांब्याच्या तारेला विजेचे भय आहे. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून ओढलेली केबल पावसाळ्यात वीज पडल्यास दोन्हीकडची यंत्रे जाळते. इमारतीबाहेर तांबे नेऊ नये, काच न्यावी.

काचेची तार

फायबर म्हणजे केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू. त्याच्या मध्यभागाची व बाहेरील थराची काच थोडी भिन्न असल्याने आत सोडलेला प्रकाश बाहेर न निसटता पुढे जात राहतो. हा प्रकाश डोळ्यास दिसत नाही. म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोकात डोकावून पाहण्याचा मोह टाळावा, डोळ्यास इजा होण्याचा संभव असतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खूण वीस किलोमीटरपर्यंत मध्ये कोठेही विजेच्या यंत्राचा आधार न घेता पोहोचते.

तालुक्याच्या केंद्रातील मुख्य यंत्रातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्याच विभाजकाने अनेक शाखांत वाटला जातो. विभाजकास वीज लागत नाही. पंढरपुराहून निघालेल्या एका तंतूवर बत्तीस जोडण्याही देता येतात. तालुक्याकडून येणारा प्रकाश एका रंगाचा व गावाकडून जाणारा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून एकाच तंतूतून दोन्ही वाटा चालतात. गावांनी आळीपाळीने बोलावे यासाठी मुख्य यंत्र चोपदाराप्रमाणे वेळ नेमून देते.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना 100 मेगाबिट वेगाची जोड देणे हे तिचे उद्दिष्ट ठरले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याने महानेट या नावाने हाती घेतले. पहिल्या टप्प्यातील रचना झाडाच्या फांदीसारखी होती. फांदी तुटली की पुढची सारी पाने वाळावीत, तसे एका ठिकाणी खोदकामात केबल तुटली की पुढची सर्व गावे बंद पडत. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वलयाकार रचना स्वीकारण्यात आली. वलयात दोन्हीकडून वाट असते. एका बाजूस तुटले तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते. शहरी जाळ्यांत ही युक्ती पूर्वीपासून वापरली जात असे.

या योजनेचा कटू अनुभवही सांगितला पाहिजे. देशात अनेक ठिकाणी तार गावापर्यंत आली, परंतु विजेअभावी, बॅटरीअभावी किंवा कोणीच जबाबदार नसल्यामुळे यंत्र बंद राहिले. तार पुरल्याने काम संपत नाही. ती जिवंत ठेवणे हे गावाचे काम आहे.

बिनतारी जोड

वायफाय म्हणजे शेवटच्या काही मीटरांसाठी तारेऐवजी लहर. तिचा पहिला प्रमाणित आराखडा 1997 मध्ये निघाला व त्यात वेग सेकंदाला अवघा दोन मेगाबिट होता. आज तो शेकडो पटींनी वाढला आहे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये व 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे 2018 मध्ये विनापरवाना वापरास मोकळे झाले. शक्तीची मर्यादा मात्र पाळावी लागते.

वायफायमध्ये चावडीचाच नियम चालतो, पण एक अडचण अधिक आहे. बिनतारी यंत्र स्वतः बोलत असता दुसऱ्याचे ऐकू शकत नाही, त्याचाच आवाज त्याला बधिर करतो. म्हणून टक्कर झाली हे त्याला लगेच कळत नाही. प्रत्येक पाकिटाची पोच येईपर्यंत ते वाट पाहते. या वाट पाहण्यात वेळ जातो व डबीवर छापलेल्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग बराच कमी मिळतो. शिवाय एका राऊटरवरील सर्वजण एकच लहर वाटून घेतात. माणसे वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात तेव्हा भरपूर पट्ट्या दिसत असूनही मोबाइलवर काही उघडत नाही, त्याचे कारण हेच. लहर पोहोचलेली असते, पण पाळी येत नाही. अशा वेळी कंपन्या तात्पुरते टॉवर उभारतात. एका मोठ्या चावडीच्या अनेक लहान चावड्या केल्या की प्रत्येकाची पाळी लवकर येते.

2.4 गिगाहर्ट्झची लहर दूर जाते, पण तिच्यात गर्दी फार. तेथील मार्गांपैकी 1, 6 व 11 हे तीनच एकमेकांत न मिसळणारे आहेत. शेजारच्या दोन राऊटरांनी एकच मार्ग धरला तर दोघांचाही वेग पडतो. शाळा, दवाखाना व पंचायत यांचे राऊटर जवळजवळ असल्यास त्यांना हे तीन मार्ग वाटून द्यावेत. 5 गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, परंतु जाड दगडी भिंत तिला अडवते. लोखंडी पत्रा तर दोन्हींना अडवतो. पानांतील पाणी लहर शोषून घेते, म्हणून मार्चमध्ये उत्तम चाललेली जोड ऑगस्टमध्ये ऊस वाढल्यावर मंदावते. दोष यंत्राचा नसून पिकाचा असतो.

दूरचा सांधा

ओढा, रेल्वेमार्ग किंवा खाजगी रान आडवे आल्याने फायबर नेता येत नसेल तेथे दोन उंच खांबांवर समोरासमोर तबकड्या लावून जोड देता येते. तबकडी लहरींना टॉर्चच्या झोताप्रमाणे एका दिशेस वळवते. येथे केवळ पलीकडचा खांब दिसला म्हणजे झाले, असे समजू नये. लहरीला मधोमध फुगीर अशी मोकळी जागा लागते. पाच किलोमीटरच्या सांध्याला 5.8 गिगाहर्ट्झवर मध्यभागी या फुगवट्याची त्रिज्या सुमारे 8 मीटर भरते व त्यापैकी निदान साठ टक्के, म्हणजे पाच मीटरच्या आसपास, जागा मोकळी हवी. उभ्या उसाची उंची व वाटेतील झाडांची पुढील पाच वर्षांची वाढ धरून खांबाची उंची ठरवावी.

मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या चमूने ग्राममार्ग या नावाने पालघर जिल्ह्यातील गावांत असा प्रयोग केला. दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातील रिकाम्या राहिलेल्या लहरी त्यासाठी वापरल्या. त्या लहरी लांब असल्याने झाडी व चढउतार यांतून अधिक चांगल्या पार होतात. अशा लहरींनी जोड गावापर्यंत आणावी व गावात वायफायने वाटावी, अशी ती रचना होती. पुढे विनापरवाना 5.8 गिगाहर्ट्झ पट्ट्यातही काम झाले. डोंगराळ गावांसाठी हा मार्ग विचार करण्याजोगा आहे.

बागेतील मापकांसाठी याहून साधी जोड पुरते. जमिनीतील ओल, पानावरील ओलावा किंवा तापमान कळवण्यास मोठा वेग लागत नाही. तासाला काही अक्षरे पुरतात. भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा कामासाठी विनापरवाना खुला आहे. त्यावर मंद बोलणारी यंत्रे लहानशा बॅटरीवर दीर्घकाळ चालतात व त्यांची खूण मोकळ्या रानात काही किलोमीटर जाते. कासेगावच्या द्राक्षबागेत किंवा सांगोल्याकडील डाळिंबबागेत रोगाला अनुकूल हवा केव्हा होते हे त्यावरून वेळीच कळू शकते व अनावश्यक फवारणीचा खर्च वाचतो.

वारणेचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचा जुना व बोलका दाखला वारणानगरचा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिवारात 1998 मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन व बिल ही माहिती शेतकऱ्यास कारखान्यावर हेलपाटे न घालता गावातच मिळावी, हा हेतू होता. हेतू उत्तम होता व त्याचा उपयोगही झाला. पण खेड्यातील संगणक सांभाळणे खर्चाचे ठरले, विजेचा खंड होताच. पुढे 2006 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथील सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल व लघुसंदेश वापरून तीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्याला हवे ते आकडे चार ओळींत मावत होते. त्यासाठी गावोगावी संगणक सांभाळण्याची गरज उरली नाही.

यावरून तार चांगली की बिनतारी चांगली, हा प्रश्नच चुकीचा आहे असे दिसते. काय पाठवायचे, किती दूर, किती जणांनी व कोणत्या खर्चात, हे आधी ठरवावे. जोडीचा प्रकार त्यातून आपोआप ठरतो.

गावाने काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पंचायतीच्या सदस्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

1. गावात येणाऱ्या फायबरचा मार्ग नकाशावर उतरवून तो पंचायतीत लावावा. रस्ता किंवा पाइपलाइन खोदणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी तो पाहिलाच पाहिजे, असा ठराव करावा.

2. फायबरच्या यंत्रास व राऊटरला बॅटरीची सोय करावी. या यंत्रांना वीज अगदी थोडी लागते. चांगली भूजोडणी करून घ्यावी.

3. इमारतीच्या आत जेथे यंत्र हलत नाही, उदाहरणार्थ कार्यालयातील संगणक, तेथे केबल वापरावी. वायफाय मोबाइलसाठी राखून ठेवावा.

4. राऊटर कपाटात किंवा पत्र्याच्या पेटीत बंद करू नये. तो खोलीच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. त्याचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

5. जोड बंद पडल्यास क्रमाने पाहावे. वीज आहे काय, फायबरच्या यंत्रावरील दिवे कसे आहेत, केबलने जोडलेला संगणक चालतो काय. केबलवर चालत असून वायफायवर चालत नसेल तर दोष गावातलाच आहे. फायबरच्या यंत्रावर तांबडा दिवा असेल तर तक्रार वेळ व तारखेसह नोंदवावी.

6. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेप्रमाणे गावातील किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकतो. होतकरू तरुणांस ही गोष्ट सांगावी.

7. शेतात जोड मिळत नसली तरी मोबाइल उपग्रहांवरून आपले ठिकाण ओळखू शकतो. त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो माहिती पाठवण्यासाठी. म्हणून नोंदीची कामे शेवटच्या दिवसावर टाकू नयेत. त्या दिवशी सर्वांचीच गर्दी असते आणि लहरीला सर्वांची पाळी लावणे शक्य होत नाही.

सेकंदाला 100 मेगाबिटची जोड पंचवीस जणांनी एकाच वेळी वापरली तरी प्रत्येकाच्या वाट्यास चार मेगाबिट येतात. तेवढ्यात माती परीक्षणाचा अहवाल क्षणात उघडतो, मुलास शिकवणीचा पाठ पाहता येतो व आजारी माणसास दूरच्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलता येते. एका ग्रामपंचायतीस आज एवढी सोय पुष्कळ आहे. ती चालू स्थितीत असावी, एवढीच अट आहे. चारी गाळाने भरली की टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, हे गावाला कोणी शिकवावे लागत नाही आणि पाळीपूर्वी चारी साफ करण्यास माणसे आपणहून निघतात. माहितीच्या या चारीचीही तशीच निगा राखली तर टोकाच्या वस्तीवरील शेतकऱ्यालाही त्याचा वाटा वेळेवर मिळेल.